फौजेतून शाळेत आलात? जुन्या दुखापतीसाठी पगारी रजा कशी मिळवायची

फौजेतून डिस्चार्ज घेऊन गावी आलेला माणूस शाळेत लागला, की पहिल्या वर्षी एक अडचण हमखास येते. दुखणं जुनं असतं आणि रजेचं खातं कोरं. कुणाचा गुडघा गेलेला, कुणाच्या पाठीत अजून छर्रा, कुणाचा पाय गुडघ्याखाली कृत्रिम. उपचार चालूच असतात. पण शाळेच्या दप्तरी हा माणूस काल रुजू झालेला नवा कर्मचारी. पलटणीत वर्षाला ६० दिवसांची अ‍ॅन्युअल लीव्ह होती, त्यातली शिल्लक इकडे येत नाही. तिचे पैसे डिस्चार्जच्या वेळीच मिळालेले असतात. शाळेतलं रजेचं पान पहिल्या ओळीपासून सुरू होतं.

ही अडचण आपल्याकडचीच नाही. अमेरिकेत २०१५ साली त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. तिथे केंद्र सरकारच्या नोकरीत नव्याने लागलेल्या, लष्करी सेवेमुळे ३० टक्के किंवा जास्त अपंगत्व आलेल्या माजी सैनिकाला पहिल्या बारा महिन्यांत उपचारांसाठी १०४ तासांची पगारी रजा मिळते, म्हणजे आठ तासांचे तेरा दिवस. आपल्याला मात्र आहेत त्या रजांमधूनच वाट काढायची आहे. ती निघते, फक्त कागद दुखणं उफाळायच्या आधी तयार लागतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या कार्यालयात बसून मी सेवापुस्तकं लिहितो, त्यामुळे कागद कुठे अडतो ते रोज दिसतं.

पहिली पायरी: तुमच्यावर कोणते नियम चालतात ते बघा

"शाळेत लागलो" एवढ्याने भागत नाही. एकाच वाडीतले दोन माजी सैनिक दोन वेगळ्या नियमांखाली असू शकतात.

जिल्हा परिषदेच्या शाळेत असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१. संस्थेच्या खाजगी शाळेत असाल, मग ती अनुदानित असो वा नसो, तर १९७७ चा खाजगी शाळा कर्मचारी अधिनियम आणि त्याखालची १९८१ ची नियमावली. तिच्यातला नियम १६ रजेचा. तो एकदा स्वतः वाचा. बऱ्याच संस्थांमध्ये अध्यक्षांना तो तोंडपाठ नसतो, आणि आपण वाचलेला असला की बोलणं सोपं जातं. सावंतवाडीजवळच्या सांगेलीसारख्या नवोदय विद्यालयात किंवा केंद्रीय विद्यालयात असाल तर केंद्राचे रजा नियम.

शिक्षण सेवक म्हणून लागला असाल तर पहिली तीन वर्षं मानधनाची. २०२३ पासून प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० रुपये. या काळात कायम शिक्षकाच्या सवलती गृहीत धरू नका, नेमणूक आदेशातल्या अटीच बघा.

चौथा गट मोठा आहे आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं: एजन्सीमार्फत शाळेच्या गेटवर उभे असलेले सुरक्षा रक्षक. यांचा मालक शाळा नव्हे, एजन्सी. पगाराच्या स्लिपवर ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, कपात आहे का ते आधी पाहा. ईएसआयची वेतनमर्यादा २१,००० रुपये आहे, दिव्यांग कर्मचाऱ्यासाठी २५,०००. कपात होत असेल तर आजारपणात सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी काळात निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते, आणि नव्या माणसाला हा लाभ लागल्यापासून नऊ महिन्यांनी सुरू होतो. दवाखान्याची सेवा मात्र आधीपासून असते. कामावर असताना अपघात झाला, तर ना वर्गणीची अट ना नऊ महिन्यांची. कपातच होत नसेल तर एजन्सीला लेखी विचारा.

दुसरी पायरी: दोन टक्केवारी, दोन कागद

फौजेतून येताना रिलीज मेडिकल बोर्डाने, म्हणजे निवृत्तीच्या वेळी तपासणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाने, अपंगत्वाची टक्केवारी दिलेली असते. २० टक्के, ३० टक्के, काहींची ६०. पेन्शन ऑर्डरमध्ये ती ब्रॉड बँडिंगने, म्हणजे वरच्या ठरावीक टप्प्यावर नेऊन, वाढून ५० किंवा ७५ झालेली दिसते. ही टक्केवारी पेन्शनसाठी असते. शाळेत दिव्यांग म्हणून जे काही मिळतं, ते त्या टक्केवारीवर नव्हे, यूडीआयडी कार्डावर, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्रावर मिळतं. हे कार्ड जिल्हा रुग्णालयातल्या तपासणीनंतर मिळतं, आणि बहुतेक सवलतींना त्यावर ४० टक्के किंवा जास्त लागतात.

दोन्ही आकडे जुळतीलच असं नाही. रक्तदाब किंवा मधुमेहावर फौजेने अपंगत्व पेन्शन दिलेलं असू शकतं, पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ते दुखणं नाही. उलट कानाजवळ स्फोट होऊन ऐकू येणं कमी झालेला माणूस दोन्हीकडे बसू शकतो. म्हणून ज्यांचा हात, पाय, डोळा, कान किंवा मणका गेलेला आहे, त्यांनी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून यूडीआयडी काढून घ्यावंच. "माझं मिलिटरीचं सर्टिफिकेट आहे की" असं म्हणून बसू नये. शाळेला ते सर्टिफिकेट वाचताही येत नाही, त्यातली संक्षिप्त अक्षरं डॉक्टरांनाच कळतात.

तिसरी पायरी: रुजू झाल्याच्या महिन्यातच पत्र द्या

माझ्या मते सगळ्या लेखात महत्त्वाची पायरी हीच, आणि फौजी माणूस नेमकी हीच टाळतो. नव्या ठिकाणी दुखणं सांगणं त्याला कमीपणाचं वाटतं. मग सहा महिन्यांनी पाय सुजतो, एकदम पंधरा दिवसांची रजा मागितली जाते, आणि स्टाफरूममध्ये कुजबुज सुरू होते की "लागताना तर ठणठणीत होता".

मुख्याध्यापकांच्या नावाने एक पानाचं पत्र लिहा. सैन्यातली सेवा, दुखापत, सध्याचे उपचार, वर्षातून साधारण किती वेळा बाहेरगावी जावं लागेल, एवढंच. सोबत डिस्चार्ज बुकाच्या संबंधित पानांची, पेन्शन ऑर्डरची, यूडीआयडीची आणि ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्डाची झेरॉक्स. अस्सल कागद कार्यालयात कधीही ठेवू नका. पावसाळ्यात आमच्याकडच्या लोखंडी कपाटांतसुद्धा कागदाला बुरशी धरते. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. "ठेवतो, साहेब आले की देतो" याला पोच म्हणत नाहीत.

मानसिक आजारावर उपचार चालू असतील तर ते या पत्रात लिहिण्याची गरज नाही. रजेच्या वेळी डॉक्टरांचा कागद बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्याच हाती द्या आणि पाकिटावर "गोपनीय" लिहा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने डॉक्टरांनाही तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे.

चौथी पायरी: कोणती रजा मागायची

इथे गोंधळ जास्त, म्हणून जरा थांबून बघू.

अर्धवेतनी रजा: पूर्ण झालेल्या दर वर्षाच्या सेवेमागे २० दिवस खात्यात पडतात. नावाप्रमाणे अर्धा पगार. पण वैद्यकीय दाखल्यावर हीच रजा परिवर्तित करून घेता येते. तेव्हा पगार पूर्ण मिळतो आणि खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. तीन वर्षं झालेल्या माणसाच्या खात्यात ६० दिवस असतील, तर त्याला पूर्ण पगाराची परिवर्तित रजा ३० दिवस मिळेल. लोक "मेडिकल रजा" म्हणतात ती ही. अर्जात "मेडिकल" एवढंच न लिहिता "वैद्यकीय कारणास्तव परिवर्तित रजा" असं लिहा. नुसतं मेडिकल लिहिलं, तर कारकुनाला जे सोयीचं वाटेल ते तो लिहितो. एक अट लक्षात असू द्या: परिवर्तित रजेवरून कामावर न परतता राजीनामा दिलात, तर ती अर्धवेतनी धरून जादा दिलेला पगार वसूल होतो.

अर्जित रजा: जिल्हा परिषदेकडच्या शिपाई, लिपिक अशा दीर्घ सुट्या न मिळणाऱ्या कर्मचाऱ्यांना वर्षाला ३०, जानेवारी आणि जुलैच्या एक तारखेला १५-१५ जमा होतात. शिक्षकाला मे महिन्याची आणि दिवाळीची सुटी असल्याने त्याचं तसं नसतं. त्यामुळे पहिल्या वर्षी शिपाई झालेला माजी हवालदार शिक्षक झालेल्या माजी हवालदारापेक्षा रजेच्या बाबतीत बऱ्या स्थितीत असतो!

अनर्जित रजा: अजून न कमावलेल्या अर्धवेतनी रजेची उचल. वैद्यकीय दाखल्यावर, संपूर्ण सेवेत ३६० दिवसांपर्यंत, आणि पगार अर्धा. ती मुख्यतः कायम झालेल्यांसाठी. पुढे कमावलेल्या रजेतून ती फिटते, म्हणून अगदी गळ्याशी आल्यावरच घ्यावी.

असाधारण रजा म्हणजे बिनपगारी. शेवटचा पर्याय.

आता विशेष विकलांगता रजा. नाव ऐकून प्रत्येक दिव्यांग माजी सैनिक हिच्यावर बोट ठेवतो. पण ती या नोकरीतल्या कर्तव्यामुळे झालेल्या दुखापतीसाठी आहे. कुपवाड्यात लागलेल्या गोळीसाठी शाळेतून ही रजा मिळत नाही. मात्र निवडणुकीच्या कामाला जाताना जीप उलटली आणि तोच जुना मणका पुन्हा गेला, तर ती मागता येते आणि २४ महिन्यांपर्यंत जाऊ शकते. अशा वेळी अपघाताचा कागद त्याच दिवशी करून घ्यायचा: मतदान केंद्राध्यक्षांचा अहवाल, पोलिसांकडची नोंद, दवाखान्याचा पहिला केसपेपर.

केंद्राच्या शाळांत असलेल्यांना आणखी दोन गोष्टी आहेत. वैद्यकीय कारणावरून फौजेतून बाहेर पडून पुन्हा नोकरीला लागलेल्या माजी सैनिकाला, री-सर्व्हे मेडिकल बोर्डापुढे (अपंगत्वाची फेरतपासणी करणारं मंडळ) हजर राहण्यासाठी किंवा कृत्रिम अवयवाच्या कामासाठी, वर्षाला १५ दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा मिळते. आणि दिव्यांग कर्मचाऱ्याला त्याच्या दिव्यांगत्वाशी निगडित गरजांसाठी वर्षाला ४ दिवस वेगळे. २००१ नंतर बोर्डाची टक्केवारी बहुधा आयुष्यभरासाठी कायम धरतात, त्यामुळे री-सर्व्हेचं बोलावणं कमी येतं. कृत्रिम पायासाठीच ही रजा जास्त उपयोगी पडते.

किरकोळ रजेबद्दल एवढंच, की ती दुसऱ्या रजेला जोडता येत नाही. सोमवारी-मंगळवारी किरकोळ आणि बुधवारपासून परिवर्तित असं केलंत की अर्ज परत येतो.

पाचवी पायरी: वर्षाचा आराखडा

आपल्याकडून उपचाराला जायचं म्हणजे घाट चढायचा किंवा मुंबई गाठायची. कृत्रिम पाय असेल तर पुण्याला वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र, मणक्याचं असेल तर कमांड हॉस्पिटल, नौदलातले असाल तर कुलाब्याचं अश्विनी हे नौदलाचं रुग्णालय. चिपळूणहून कुंभार्ली, रत्नागिरीहून आंबा, सावंतवाडीहून आंबोली. जूनपासून कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक सुरू होतं, गाड्या हळू धावतात, आणि घाटात दरड आली की सगळंच थांबतं. गणपतीच्या आठवड्यात तर मुंबईहून परतीचं तिकीट मिळेल या भरवशावर कुणी जाऊ नये.

कृत्रिम पायाला पावसाळा वाईट. घामाने आणि ओलीने लायनर (आतला मऊ मोजा) भिजतो, स्टंपला (पायाच्या उरलेल्या भागाला) पुरळ येतं, चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलेलं, आणि शाळेची वाट लाल चिखलाची. दुखणं जुलै-ऑगस्टमध्ये उफाळतं. म्हणून शक्य तर सॉकेट, म्हणजे स्टंप बसतो ती खोबण, बदलण्याचं काम मे महिन्याच्या सुटीतच उरकावं. मापं, तयारी, चालण्याचा सराव याला काही दिवस तिथे राहावं लागतं. शिक्षकाने ते सुटीत केलं तर खात्यातला एकही दिवस जात नाही, आणि वाचलेले दिवस पावसाळ्यात स्टंपला जखम झाली तर हाताशी राहतात. काम सुटीत पुरं झालं नाही, तर दीर्घ सुटीला जोडून रजा मागता येते, पण त्यासाठी सुटी लागायच्या आधी अर्ज हवा. शाळा उघडल्यावर केलेल्या अर्जावर "परवानगीशिवाय गैरहजर" असा शेरा पडायला वेळ लागत नाही.

ईसीएचएसमधून जाणार असाल तर पॉलिक्लिनिकचं रेफरल आधी घ्यावं लागतं. त्या रेफरलच्या कागदाची एक प्रत रजेच्या अर्जाला लावा. तारीख छापील असते, त्यामुळे "खरंच दवाखान्यात गेला होता का" हा प्रश्न उरत नाही. पण रेफरल म्हणजे रजेचा दाखला नव्हे. विश्रांतीची शिफारस किती दिवसांची, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हे डॉक्टरांकडून वेगळं लिहून घ्यायचं. डिस्चार्ज कार्डावर नुसतं "विश्रांती घ्यावी" असेल, तर त्याचे दिवस कार्यालय मोजू शकत नाही.

सहावी पायरी: अर्ज

अर्ज छोटा ठेवा. असा चालतो:

"मा. मुख्याध्यापक यांस, स.न.वि.वि. मी माजी सैनिक असून सैन्य सेवेत झालेल्या दुखापतीमुळे माझ्या डाव्या पायावर उपचार चालू आहेत. याबाबत माझे पत्र आपल्या कार्यालयात आवक क्रमांक … अन्वये दाखल आहे. पुढील उपचारासाठी मला दि. … ते दि. … असे एकूण … दिवस पुणे येथे जावे लागणार आहे. तरी या कालावधीची वैद्यकीय कारणास्तव परिवर्तित रजा मंजूर करावी, ही विनंती. सोबत वैद्यकीय दाखला व रेफरलची प्रत जोडली आहे. रजेच्या काळातील पत्ता व मोबाइल क्रमांक खाली दिला आहे."

तिसऱ्या पायरीतल्या पत्राचा उपयोग इथे होतो: दुखणं आज उगवलेलं नाही, हे आवक क्रमांकच सांगतो.

अचानक दुखलं तर आधी मुख्याध्यापकांना फोन, लगेच मोबाइलवर लेखी संदेश, आणि दाखला हाती येताच अर्ज. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. मंडळी दवाखान्याच्या धावपळीत शाळेला कळवायचं विसरतात.

सातवी पायरी: नाही म्हणाले तर

रजा हा हक्क म्हणून मागता येत नाही, असं नियमच म्हणतो. कामाच्या निकडीसाठी ती नाकारता येते. हे फौजेतल्या माणसाला नवीन नाही. पण दाखल्याबद्दल शंका असेल तर जिल्हा शल्य चिकित्सकांकडे तपासणीला पाठवणं हा सरळ मार्ग आहे. तुम्हीच म्हणा: "पाठवा, मी जातो." खऱ्या दुखण्याला त्याची भीती नसते, आणि शंका घेणारा बहुधा तिथेच थांबतो. मागितलेल्या परिवर्तित रजेची परस्पर बिनपगारी करून टाकली असेल, तर कारण लेखी मागा. खात्यात रजा शिल्लक असताना, तुम्ही मागितल्याशिवाय, रजेचा प्रकार बदलणं मंजूर करणाऱ्याच्या हातात नसतं.

लहान गावात अडचण वेगळीच. संस्थेचे अध्यक्ष भावकीतले निघतात, "सुभेदार, ह्या परीक्षेपुरता धकव, मगे जा" म्हणतात आणि तोंडावर नाही म्हणवत नाही. धकवा हवं तर, पण अर्ज त्याच दिवशी आवक करून ठेवा.

पुढची पायरी संस्थेच्या शाळेसाठी शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी गटशिक्षणाधिकारी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयालाही प्रत द्या. ते रजा मंजूर करू शकत नाहीत, पण त्यांचं पत्र आलं की फाइल हलते.

नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं आणि "आता हे काम तुम्हाला झेपणार नाही, राजीनामा द्या" असं कुणी सुचवलं, तर सही करू नका. २०१६ च्या कायद्याचं कलम २० (४) सांगतं, की सेवेत असताना दिव्यांग झालेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर ढकलता येत नाही. जमेल अशा पदावर त्याच पगारात घ्यावं लागतं, पद नसेल तर जादा पद ठेवून. हे कलम सरकारी आस्थापनांसाठी आहे, आणि सरकारी अनुदानावर चालणारी संस्थाही कायद्याच्या व्याख्येत त्यातच येते. जुन्या कायद्यातल्या अशाच कलमावर सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली, कुणाल सिंग यांच्या खटल्यात, पाय गमावलेल्या जवानाच्या बाजूने निकाल दिला होता. गंमत अशी, की लढाऊ दलांना सरकारने या तरतुदीतून सूट दिलेली आहे. शाळांना नाही.

आठवी पायरी: परत आल्यावर

रुजू होताना तंदुरुस्तीचा दाखला लागतो. तो नसेल तर काही शाळा मस्टरवर सही करू देत नाहीत, आणि तो दिवस वाया जातो. दाखल्यात "हलकं काम द्यावं" किंवा "जिने चढू नयेत" असं डॉक्टरांना म्हणायचं असेल तर ते स्पष्ट लिहून घ्या. वर्ग तळमजल्यावर मागायला तोच आधार.

मंजूर रजेपेक्षा दोन दिवस जास्त लागले, तर वाढीव दाखला टपालाने किंवा कुणाच्या तरी हाती रजा संपायच्या आत पोचवा. मंजुरीशिवाय वाढवलेल्या दिवसांचा पगार जातो आणि ते दिवस अर्धवेतनी खात्यातूनही वजा होऊ शकतात, म्हणजे दुहेरी नुकसान.

महिनाअखेरीस शालार्थ या शाळांच्या ऑनलाइन पगार प्रणालीतल्या वेतनपत्रकात पगार पूर्ण निघाला का ते पाहा. रजेचा आदेश कार्यालयात आणि नोंद बिनपगारी, असं होतं. मुद्दाम नव्हे, घाईत. चूक त्या महिन्यात सांगितली तर पुढच्या बिलात दुरुस्त होते. वर्षभराने सांगितली तर थकबाकीचं वेगळं बिल, वेगळी मंजुरी. आणि वर्षातून एकदा, जूनमध्ये शाळा उघडल्यावर, सेवापुस्तकातला रजेचा हिशेब स्वतः उघडून बघा, किती जमा, किती खर्च, किती शिल्लक. त्या पानावर मुख्याध्यापकांची सही आहे का तेही बघा, आणि पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.